भागाकार आणि नोटांची मोड

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात सभासद व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. फळ्यावर मांडून दाखविलेली उदाहरणे येथे शब्दांत दिली आहेत.)



चिटणीसांचे पत्र हाती आले तेव्हा मला वाटले की, महोत्सव म्हटला म्हणजे संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋण आणि पुढील योजना ह्यांवर चार शब्द बोलावयाचे असतील. त्या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे ह्या व्यासपीठावर बसली आहेत. पत्राच्या शेवटी मात्र लिहिले होते, “विषय आपल्या आवडीचा घ्यावा.” मास्तराला असे मोकळे सोडणे धोक्याचे असते. मी आज भागाकारावर बोलणार आहे.

आपण हसलात, बरे झाले. पण सतरंजीवरची दोन मुले हसली नाहीत, तेही मी पाहिले. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्या दोघांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आपल्या ह्याच सभागृहात दर रविवारी सकाळी संस्थेचा विनामूल्य अभ्यासवर्ग भरतो, हे आपणांस ठाऊक आहेच. सेवानिवृत्तीनंतर त्यातील गणिताचे काम माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. दुसरी-तिसरीपर्यंत मुले उड्या मारीत येतात. चौथी-पाचवीत गेली की एकाएकी रविवारी त्यांचे पोट दुखू लागते. आईला वाटते, अभ्यासाचा कंटाळा आला. हजेरीपट आणि शाळेच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे दिसते की पोटदुखीचा आरंभ बहुधा भागाकाराच्या पाठापासून होतो.

हे काही आपल्याच मुलांचे नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५ सालापासून देशातील खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांची पाहणी करते व ‘असर’ नावाने अहवाल प्रसिद्ध करते. तिच्या गणिताच्या चाचणीतील सर्वांत वरची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. २०२२ सालच्या पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यालाच हा भागाकार जमला. शहरातील आपण फार निराळे आहोत, अशा समजुतीत कोणी राहू नये.

व्यवस्थापक मंडळापुढे सध्या एक सूचना आहे. गणिताचा तास बंद करून त्या वेळात संगणकाचा वर्ग चालवावा, अशी ती सूचना. ज्यांनी ती मांडली ते माझे स्नेही आहेत व त्यांचा हेतू चांगलाच आहे. “खिशात यंत्र आहे, बोट लावले की उत्तर येते, मग पोरांना कशाला पिळता?” असे ते मला म्हणाले. प्रश्न रास्त आहे, आणि संगणकाचा वर्ग मलाही हवा आहे. परंतु गणिताचा तास बंद करण्यापूर्वी ह्या पोटदुखीचे मूळ काय, ते मंडळाने ऐकून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

भागाकार हे चार भावंडांतील धाकटे आणि सर्वांत तऱ्हेवाईक भावंड. बेरीज, वजाबाकी व गुणाकार हे तिघे उजवीकडून, एककाच्या घरापासून चालू लागतात. मूल तीन वर्षे ती वाट तुडविते. मग एके दिवशी आपण त्याला सांगतो, आता डावीकडून चाल. का, ते सांगत नाही. शिवाय पहिल्या तिघांत पाढे आणि हातचा सांभाळला की उत्तर येते. अंदाज करावा लागत नाही. भागाकारात अंदाज करावाच लागतो. ‘कितीचा भाग जाईल?’ ह्या प्रश्नाचे उत्तर पाठ नसते. ते चाचपावे लागते आणि चाचपताना चुकते. ज्या मुलाला चुकण्याची धास्ती आहे, त्याचा हात येथेच थबकतो.

त्यावर शाळांनी एक तोड काढली आहे. पायऱ्या पाठ करून घ्यावयाच्या: भाग लावा, गुणा, वजा करा, उतरवून घ्या, पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी शाळांत ह्या पायऱ्यांची आद्याक्षरे ध्यानात राहावीत म्हणून ‘डॅड, मदर, सिस्टर, ब्रदर’ असे कुटुंबच मुलांना पाठ करावयास लावतात. मी ह्या पायऱ्यांच्या विरुद्ध नाही. रीत पाहिजेच. पण ‘उतरवून घ्या’ म्हणजे काय उतरते, कोठून उतरते, हे मुलाला कळले नाही, तर ते सारे घराणे तोंडपाठ असूनही मूल अडते.

येथे मला माझ्या वडिलांची आठवण होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली तेव्हा मी शाळेत नुकता जाऊ लागलो होतो. वडिलांच्या तोंडी मात्र आणे-पै शेवटपर्यंत राहिले. ते मला विचारीत, “पाच रुपये तिघांना वाट.” प्रत्येकी एक रुपया गेला, दोन उरले. ते तिघांना जात नाहीत, म्हणून त्यांचे आणे केले, बत्तीस. प्रत्येकी दहा गेले, दोन आणे उरले. त्यांच्या पै केल्या, चोवीस. प्रत्येकी आठ. एक रुपया, दहा आणे, आठ पै. त्या हिशेबात सोळा आणि बारा हे आडनिडे आकडे होते, त्यामुळे उरलेली रक्कम मोडून खालच्या नाण्यात न्यावी लागते, हे प्रत्येक पायरीला हाताला जाणवत असे. दशमान आले आणि सोय झाली, ह्यात शंका नाही. मात्र प्रत्येक मोड दहाचीच असल्यामुळे ती करावयाची वेळच येईना. बाकीशेजारी पुढचा अंक उतरविला की काम झाले. सोयीबरोबर समज मात्र हातची निसटली.

म्हणून मी वर्गात मुलांना वही उघडू देत नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदाच्या नोटा कापतो. काहींवर शंभर, काहींवर दहा, काहींवर एक लिहितो. मग म्हणतो, ७३८ रुपये तिघा भावंडांत सारखे वाटा. कोणतेही मूल आरंभ एक-एकच्या नोटांनी करीत नाही. ते प्रथम शंभराच्या सात नोटा उचलते. डावीकडून का चालावयाचे, हे सांगावेच लागत नाही. प्रत्येकाला दोन दिल्या, एक उरली. आता ती फाडावयाची का? मुले ओरडतात, “नाही सर, मोड आणा.” त्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा होतात. मूळच्या तीन त्यांत मिळविल्या, तेरा झाल्या. प्रत्येकी चार, एक उरली. तिची पुन्हा मोड, दहा आणि आठ मिळून अठरा. प्रत्येकी सहा. प्रत्येकाच्या हाती २४६ रुपये.

त्यानंतरच वही उघडावयाची, आणि नोटांनी जे केले तेच एकेक ओळ लिहीत जावयाचे. शंभराच्या घरात २ लिहिले, गुणाकार करून ६ वाटले गेले, १ उरला, त्याची मोड करून ३ शेजारी घेतले. ‘उतरविणे’ म्हणजे नोट मोडून पुढच्या ढिगात घालणे, एवढे एकदा हाताला कळले, की पायऱ्या पाठ करून घेण्याचा अर्धा त्रास वाचतो. ह्याला दोन रविवार लागतात, क्वचित तीन. शाळेला एवढा वेळ नसतो, ही शाळेची अडचण मी चाळीस वर्षे भोगली आहे. म्हणून तिला दोष देत नाही.

आता शून्याकडे वळतो. येथे मला माझी एक चूक आपल्यापुढे सांगावयाची आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतील गोष्ट. वर्गातील एका मुलाने ६२४ भागिले ६ ह्याचे उत्तर १४ काढले. आपल्या पिढीला ठाऊक आहे, आपण भाजक डाव्या कंसापलीकडे लिहीत असू, भाज्य मध्ये आणि भागाकार उजव्या कंसापलीकडे. सहा एके सहा. मग २ उतरविले, त्यात ६ चा भाग जात नाही. म्हणून मुलाने ४ ही उतरविले, सहा चोक चोवीस, आणि एकाशेजारी चार लिहून मोकळा झाला. मधले शून्य राहिले. ही चूक शेकडो मुले करतात. मी तरुण होतो, तपासनीस येणार होते, आणि ती चूक त्याने त्या आठवड्यात चौथ्यांदा केली होती. मी त्याची वही साऱ्या वर्गाला दाखविली आणि जे बोललो ते येथे सांगण्याजोगे नाही. वर्ग हसला. तो मुलगा पुढे गणिताच्या तासाला हळूहळू दिसेनासा झाला आणि सातवीनंतर शाळेतूनही गेला. त्याला दुसरीही कारणे असतील. घरची स्थिती बेताची होती. पण त्या हसण्याचा वाटा त्यात किती, हे ठरविणारा मी कोण?

पुष्कळ वर्षांनी हाथीखान्याच्या धान्यबाजारात गव्हाची चौकशी करीत होतो. एका दुकानाच्या ओट्यावर एक गृहस्थ सहा हमालांना मजुरी वाटीत होते. रक्कम १,२३० रुपये. त्यांनी प्रत्येकाच्या हातात शंभराच्या दोन-दोन नोटा ठेवल्या. उरले तीस. दहाच्या तीन नोटा सहांना जात नाहीत, म्हणून त्या शेजारच्या दुकानात पाठवून पाचाची नाणी आणविली, आणि एकेक हातावर ठेवले. दोनशे पाच. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि मधले शून्य जागच्या जागी. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि मला ओळखले. “सर, या ना,” म्हणून खुर्ची दिली. तोच मुलगा होता.

त्याला भागाकार येत होता, मंडळी. कदाचित तेव्हाही येत असेल. माझी मांडणी त्याला येत नव्हती, आणि ती त्याच्या हिशेबाशी जोडून देणे हे माझे काम होते. मला त्याची माफी मागावयाची होती. त्याने चहा मागविला, घरच्यांची चौकशी केली, गहू भावात दिला. मी चहा पिऊन परत आलो.

त्यानंतर मी शून्य निराळ्या प्रकारे शिकवू लागलो. ६२४ रुपये, सहा जण. शंभराच्या सहा नोटा, प्रत्येकी एक. दहाच्या दोन नोटा, सहा जण; कोणालाच मिळत नाही. ‘कोणालाच नाही’ हेही एक उत्तर आहे, आणि ते लिहून ठेवावयाचे असते. त्याचे चिन्ह म्हणजे शून्य. मग त्या दोन नोटांची मोड वीस, आणि चार मिळून चोवीस. प्रत्येकी चार. १०४. एखाद्याने तरीही १४ लिहिले तर मी चूक म्हणत नाही. मी विचारतो, “सहा जणांना चौदा-चौदा दिले, म्हणजे ८४ झाले. मग उरलेले ५४० कोणी खाल्ले?” वर्ग तेव्हाही हसतो, पण त्या मुलासकट हसतो. ह्यालाच आपले वाडवडील ताळा पाहणे म्हणत. उत्तराला भाजकाने गुणावे, बाकी मिळवावी, भाज्य परत आले पाहिजे. ताळ्याची सवय लागलेल्या मुलाला आपले बरोबर की चूक, हे मास्तरांना विचारावे लागत नाही.

एक कबुली आणखी देतो. नव्या शाळांत भागाकार उजवीकडे न लिहिता भाज्याच्या डोक्यावर रेघ ओढून लिहितात. आपल्याला ते परके वाटते व आजोबा मंडळी नातवंडांना “असे नाही, असे लिही” म्हणून वही ओढून घेतात. कृपा करून तसे करू नये. ती मांडणी ह्या बाबतीत आपल्यापेक्षा सरस आहे. २ च्या डोक्यावरचे घर रिकामे राहिले तर ते डोळ्यांना टोचते. आपल्या मांडणीत ते लपून जात असे. चौकटीची वही आणली, एका चौकटीत एकच अंक लिहिला, तर आणखी उत्तम.

तोच प्रकार भाषेचा. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात आहोत. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, हे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. आज आपल्याच घरात आजी ‘बाकी’ म्हणते, गुजराती शाळेतला नातू ‘शेष’ म्हणतो आणि इंग्रजी शाळेतली नात ‘रिमेंडर’ म्हणते. आजीचा परवचा ‘सात सक बेचाळीस’, नातीचा ‘सेव्हन सिक्सझा फॉर्टी टू’. नातीला मराठी पाढे शिकवा, पावकी-निमकीही शिकवा, मला आनंदच आहे. पण भागाकार चालू असताना नाही. ज्या भाषेत पाढा तिच्या जिभेवर आहे, त्याच भाषेत तिला भाग लावू द्या. एका वेळी एकच ओझे.

दोन अंकी भाजक आला की अंदाजाची खरी परीक्षा होते. १,५६४ भागिले २३ घ्या. तेविसाचा पाढा कोणाला येतो? मी सांगतो, वहीच्या कडेला तेविसाचे दुप्पट करीत जा: एकाचे २३, दोनांचे ४६, चारांचे ९२, आठांचे १८४. एवढ्या चार ओळींतून एकापासून नऊपर्यंत कोणताही भाग बेरजेने उभा राहतो. मग २३ म्हणजे जवळजवळ २० असे धरून पाहावयाचे. १५६ मध्ये २० सातदा जातात. सात तेविसे १६१, जास्त झाले. मग सहा. ९२ आणि ४६ मिळून १३८, बाकी १८. चार उतरविले, १८४. वीस धरले तर नऊ वाटतात, पण नऊ तेविसे २०७. कडेला पाहा, १८४ आठांपाशीच लिहिलेले आहे. उत्तर ६८. येथे अंदाज दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा एकानेच चुकला. भाजकाला २० धरले, म्हणजे खरा त्याहून मोठा, तेव्हा अंदाज वर जाणार. उलट २९ ला ३० धरले तर खाली येईल: २०३ मध्ये ३० सहादा, सहा एकोणतिसे १७४, बाकी २९. बाकी भाजकाएवढी उरली, म्हणजे आणखी एकदा वाटता येते, भाग सात. चुकीचा अंदाज हा भागाकाराचाच एक भाग आहे, असे मी मुलांना फळ्यावर चुकून दाखवितो. फळ्यावर मास्तर चुकलेले पाहून त्यांना फार समाधान होते.

भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त भागाकाराची रीत एका श्लोकात दिली आहे. भाज्याच्या डावीकडच्या टोकापासून आरंभ करावा व भाजकाला ज्या संख्येने गुणले असता तो वजा होईल ते फळ घ्यावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे आज आपण करतो तेच. मात्र त्या काळचे गणित पाटीवर धूळ पसरून तीवर बोटाने चाले. सात चुकले की बोट फिरवावे, सहा करावे. चुकीची खूण उरत नसे. कागदावर सगळी पायरी उघडी ठेवण्याची आजची मांडणी युरोपातली. फ्लॉरेन्स येथे १४९१ साली छापलेल्या फिलिप्पो कालान्द्री ह्यांच्या अंकगणितात ती छापील रूपात आढळते. कागदाचा लाभ हा की, कोठे चुकले ते मागे जाऊन पाहता येते. तोटा हा की, पेनाने खोडलेला अंदाज लाल शाईची वाट पाहत बसतो. म्हणून आपल्या वर्गात मी पाटी-पेन्सिल परत आणली आहे. अंदाज पाटीवर, पक्का भाग वहीत. पालकांपैकी काहींना हे मागासलेपणाचे वाटले. मुलांनी तक्रार केलेली नाही.

खिशातल्या यंत्राविषयी एवढेच म्हणतो. यंत्राने भागाकार जरूर करावा, मीही करतो. मात्र यंत्रात एक आकडा दाबावयाचा राहिला आणि १०४ ऐवजी १० आले, तर ‘हे कसे शक्य आहे’ असे म्हणणारे माणूस समोर बसलेले हवे. ते माणूस साधारण दहाव्या वर्षी तयार होते.

मंडळाने संगणकाचा वर्ग अवश्य सुरू करावा; त्यासाठी रविवारची दुपार मोकळी आहे, मी चौकशी केली आहे. सकाळचा गणिताचा तास चालू ठेवावयाचा तर मला पैसे नकोत, माणसे हवीत. पंधरा-सोळा मुले आणि मी एकटा. कडेला बसलेला मुलगा अडला हे मला कळेपर्यंत घंटा होते. ह्या सभागृहात बँकेतून, रेल्वेतून, पेढ्यांतून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी समोर दिसत आहेत. ज्यांनी जन्मभर खतावण्या जुळविल्या, त्यांना तीन मुलांजवळ तासभर बसणे कठीण नाही. भगिनींनीही यावे, महिन्याच्या खर्चाची वाटणी घरात कोण करते, ते सर्वांना माहीत आहे. अट एकच. मूल चुकले तर वही ओढून घ्यावयाची नाही, आणि दुसऱ्याला दाखवावयाची तर मुळीच नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता या. जुनी दिनदर्शिका आणि कात्री आणा. नोटा खूप कापावयाच्या आहेत. चष्मा विसरू नका.

आणि सतरंजीवरच्या त्या दोघांनो, तुमच्यासाठी एक गणित. ९१८ रुपये, नऊ जण. घरी जाऊन करा. उत्तर मला आज सांगू नका. ताळा पाहा, कागद खिशात ठेवा आणि रविवारी घेऊन या.